विशेषणांचे वेढे

मराठी साहित्य शिकवणाऱ्या माणसांनी बेस गिटारच्या पिकअपविषयी का लिहावे, असे आमच्या काही स्नेह्यांनी हा लेख लिहिण्याआधीच विचारले. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आरंभीच दिलेले बरे. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात, एकाच विभागात गेली अनेक वर्षे शिकवतो. आमच्यापैकी एकजण विद्यार्थिदशेपासून ऑर्केस्ट्रात बेस वाजवत आला आहे. दुसऱ्याला वाजवता येत नाही, पण डाख देता येतो, आणि वाद्याच्या पोटात काय चालते याचे त्याला जुने कुतूहल आहे. दोघांचाही चरितार्थ मात्र शब्दांवर चालतो. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याच्या निमित्ताने पिकअपच्या बाजारात डोकावण्याची वेळ आली, तेव्हा तिथे आम्हांला आढळले ते मुख्यतः शब्दांचेच प्रकरण होते. आमचे भांडण त्या शब्दांशी आहे, आणि ओघाने स्वतःशीही आहे.

आधी वस्तू काय आहे ते सांगू. इलेक्ट्रिक बेसच्या धातूच्या तारांखाली एक लहानशी डबी बसवलेली असते. तिच्यात चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची तार कंपली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत सूक्ष्म वीज उत्पन्न होते. १८३१ साली फॅरेडेने सिद्ध केलेले हे तत्त्व. त्यात गूढ असे काही नाही. ही वीज बॅटरीवर चालणाऱ्या कोणत्याही मंडलाची मदत न घेता व्हॉल्यूम आणि टोनच्या कळांतून थेट बाहेर पडत असेल तर त्या व्यवस्थेला ‘पॅसिव्ह’ म्हणतात. मध्ये बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प असेल तर ‘ॲक्टिव्ह’. आमचे विवेचन पहिल्या प्रकारापुरते आहे. लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून १९५१ साली ‘प्रिसिजन’ बेस बाहेर पडला, १९५७ साली त्याला दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप मिळाला, आणि १९६० साली दोन स्वतंत्र पिकअपांचा ‘जॅझ’ बेस आला. बदली पॅसिव्ह पिकअपांचा बाजार आजही मुख्यतः या दोन साच्यांभोवती फिरतो.

आता प्रसंग. आमच्या एका विद्यार्थ्याने जॅझ साच्याचा जुना बेस विकत घेतला. वाद्य चांगले होते, पण मागचा पिकअप मुका होता. लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे खिशात घालून तो शहरातल्या एका दुकानात गेला. आमच्यापैकी बेस वाजवणारा त्याच्यासोबत होता, हे इथेच कबूल करतो. विक्रेत्याने एक परदेशी पिकअप पुढे केला आणि तो ‘साठच्या दशकाचा नाद’ देतो, ‘उबदार’ आहे, ‘मातकट’ आहे, त्याला ‘लाकडाचा वास’ आहे असे सांगितले. विद्यार्थी भारावला. सोबतच्या प्राध्यापकानेही मान डोलावली. पैसे दिले गेले, पिकअप बसवला गेला, आणि स्नेहसंमेलनाच्या रंगीत तालमीत पहिले गाणे सुरू होण्याआधीच ध्वनिक्षेपकातून एक अखंड घुमारा ऐकू येऊ लागला.

या घुमाऱ्याला वादक ‘हम’ म्हणतात. एकाच वेटोळ्याचा पिकअप तारांचे कंपन टिपतो, तसेच आसपासच्या विजेच्या वायरिंगचे क्षेत्रही टिपतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. बेसच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावर वाजणारा ‘जी’ हा स्वर सेकंदाला ४९ आवर्तनांचा. म्हणजे भारतातला हम त्या स्वराच्या अगदी शेजारी, पण एका अर्धस्वराच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाने चढा बसतो. आमचे पहिले गाणे नेमके त्याच पट्टीतले होते. तंबोऱ्याची एक तार किंचित चढी लागल्यावर गायकाचे जे होते, ते आमच्या वादकांचे झाले.

जॅझ बेसच्या रचनेत यावर उपाय आहे, आणि तो सुंदर आहे. पुढच्या आणि मागच्या पिकअपांच्या वेढ्यांची दिशा परस्परविरुद्ध ठेवलेली असते आणि चुंबकांची टोकेही परस्परविरुद्ध असतात. दोन्ही कळा पूर्ण उघडल्या की तारांचा नाद एकमेकांत मिळतो आणि बाहेरून आलेला हम एकमेकाला छेदतो. प्रिसिजनच्या विभागलेल्या पिकअपमध्ये हीच युक्ती दोन तुकड्यांत केलेली आहे. विद्यार्थ्याने आणलेला मागचा पिकअप मात्र दोन्ही बाबतींत जुन्या पुढच्या पिकअपच्याच जातीचा निघाला. नाद नीट मिळत होता, पण हम छेदला जाण्याऐवजी त्याची बेरीज होत होती. ‘तुमच्या पुढच्या पिकअपचे चुंबक कोणत्या दिशेचे आहे?’ एवढा एक प्रश्न दुकानात विचारला गेला असता आणि साधे होकायंत्र पिकअपजवळ धरले असते, तर निदान शंका तरी आली असती. तो प्रश्न विक्रेत्याने विचारला नाही, विद्यार्थ्याने विचारला नाही, आणि पंचवीस वर्षे बेस वाजवणाऱ्या प्राध्यापकानेही विचारला नाही. तिघेही ‘उबदार’ या शब्दापाशी थांबले. डाख लागलेला माल परत घेत नाही, हे दुकानदाराचे उत्तर नियमाला धरूनच होते.

आमचा आक्षेप विक्रेत्यावर नाही. त्याने आपण वाचलेलेच पुढे सांगितले. पिकअपांची जाहिरात आणि परीक्षणे ज्या भाषेत लिहिली जातात, ती भाषा वाचकाला निवड करण्याचे साधन देत नाही. ती त्याला निवड झाल्याचे समाधान तेवढे देते. गुरगुरणारा, लोण्यासारखा, पारदर्शक, मांसल, रसरशीत अशी ही विशेषणे आहेत, आणि त्यांतील एकालाही ‘कशाच्या तुलनेत?’ हा प्रश्न सहन होत नाही. एकच पिकअप एकाला ‘उबदार’ आणि दुसऱ्याला ‘टोकदार’ वाटल्याचे आम्ही वाचले आहे. दोघांपैकी कोणी खोटे बोलत असेल असे नाही. एकाच्या वाद्यावर दोन वर्षांच्या मळलेल्या तारा असतील, दुसऱ्याच्या वाद्यावर कालच चढवलेल्या कोऱ्या. पण ज्या परिस्थितीत विशेषण उच्चारले गेले ती परिस्थितीच गाळून टाकली, की मागे उरते ते लेखकाच्या समाधानाचे प्रमाणपत्र.

हे वाचताना आमची मान खाली गेली, कारण ही भाषा आमच्या ओळखीची होती. ‘सकस’, ‘आशयघन’, ‘तरल’, ‘अस्सल मातीतली’, ‘चिंतनगर्भ’ हे शब्द आम्ही मलपृष्ठांवर, प्रस्तावनांत आणि परीक्षणांत किती वेळा लिहिले असतील, याची मोजदाद नाही. एखादा कवितासंग्रह तरल आहे म्हणजे नेमके काय आहे, असे वर्गातल्या मुलाने विचारले तर आम्ही दुसरे विशेषण पुढे करतो. याच भाषेत मर्ढेकरांनी लयतत्त्वाची मांडणी करताना संवाद, विरोध आणि समतोल अशा संज्ञा मांडल्या. त्यांच्याशी मतभेद होऊ शकतो आणि झालाही. पण मतभेद होऊ शकतो, हेच त्या संज्ञांचे मोल होते. ‘उबदार’ या शब्दाशी मतभेद कसा करावा?

विशेषणांना कंटाळलेला ग्राहक आकड्याकडे वळतो, आणि तिथे बाजाराने त्याच्यासाठी दुसरा सापळा मांडलेला आहे. पिकअपच्या वेष्टनावर बहुधा एकच आकडा ठळक असतो, तो म्हणजे वेढ्यांचा विद्युत्‌रोध. जॅझ साच्यात तो साधारण ७ ते ८ हजार ओहम आणि प्रिसिजन साच्यात १० ते ११ हजार ओहम असतो. आकडा जितका मोठा तितका पिकअप जोरकस, किंवा धंद्याच्या भाषेत ‘हॉट’, अशी समजूत आहे. तार तीच ठेवून वेढे वाढवले तर रोध वाढतो आणि सहसा आवाजही वाढतो, हे खरे. पण तार अधिक बारीक घेतली तरी रोध वाढतो, आणि त्यासाठी एकही वेढा वाढवावा लागत नाही. शिवाय तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. २० अंशाच्या खोलीत १०,००० ओहम दाखवणारा पिकअप नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ४० अंशाला १०,८०० च्या आसपास दाखवील. तेवढ्याने तो ‘हॉट’ झाला असे म्हणायचे असेल, तर तो केवळ शब्दशः झाला एवढेच.

नादाचे चरित्र ज्या गोष्टींवर अधिक ठरते, त्यांपैकी एक म्हणजे वेटोळ्याचा इंडक्टन्स, आणि तो वेष्टनावर क्वचितच छापलेला असतो. इंडक्टन्स आणि एकूण कपॅसिटन्स मिळून एक शिखर तयार होते. त्या वारंवारतेच्या जवळचा नाद उठून दिसतो आणि तिच्यावरचा झपाट्याने उतरतो. समजुतीसाठी एक उदाहरण घेऊ. इंडक्टन्स ४ हेन्री आणि वायरसकट एकूण कपॅसिटन्स ५०० पिकोफॅरड असेल, तर हे शिखर साडेतीन हजार आवर्तनांच्या जवळ येते. आता तोच पिकअप, तेच वाद्य आणि तोच वादक ठेवा, आणि बेसपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची वायर तेवढी इतकी लांब घ्या की कपॅसिटन्स दुप्पट होईल. शिखर अडीच हजारांवर उतरते. वायरीच्या एका मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड हे नेहमीचे प्रमाण, म्हणजे हा फरक चार-पाच मीटर जास्तीच्या वायरीचा आहे. ज्या ‘उबे’साठी माणूस महिन्याची कमाई मोजतो, तिचा बराच अंश लांब वायरीत किंवा टोनची कळ थोडी मागे फिरवण्यात मिळू शकतो. उलट अधिक उजळ नाद हवा असेल तर कळांचे मूल्य पाहावे. अडीचशे किलोओहमच्या जागी पाचशे किलोओहमची कळ बसवली की तेच शिखर अधिक उंच उभे राहते, आणि ही कळ पिकअपच्या मानाने फारच स्वस्त असते.

तिसरा सापळा काळाचा आहे. १९६५ साली फेंडर कंपनी सीबीएस या बड्या उद्योगाच्या हाती गेली, आणि बाजाराने इतिहासाचे दोन तुकडे पाडले. त्याआधीचे ते सुवर्णयुग, त्यानंतरचा तो ऱ्हास. ‘साठोत्तरी’ हा शब्द आमच्या विषयात आम्ही जितक्या सैलपणे वापरतो, तितक्याच सैलपणे तिथे ‘बासष्टचा नाद’ विकला जातो. मोटाऊनच्या ध्वनिमुद्रणांतला जेम्स जेमर्सन १९६२चा प्रिसिजन वाजवत असे, म्हणून ‘बासष्ट’ हा आकडा मंत्रासारखा झाला. पण त्याच्या वाद्यावर सपाट वेष्टणाच्या जाड तारा असत आणि त्या तो क्वचितच बदलत असे. पुलाच्या झाकणाखाली फोमचा तुकडा असे. उजव्या हाताचे एकच बोट चाले. आणि ध्वनिमुद्रणात बेस थेट कन्सोलला जोडलेला असे. तो बेस १९८३ साली, जेमर्सनच्या मृत्यूच्या थोडे आधी, चोरीला गेला. पिकअपची प्रतिकृती करता येते. त्या बोटाची, त्या तारांची आणि त्या कानाची प्रतिकृती वेष्टनात बसत नाही. मार्कस मिलरचे उदाहरण तर याहून बोलके आहे. त्याच्या १९७७च्या जॅझ बेसमध्ये रॉजर सॅडॉस्की यांनी प्रीॲम्प बसवला होता. त्या नादाच्या आशेने केवळ पॅसिव्ह पिकअप विकत घेणारा अर्धीच गोष्ट विकत घेतो.

याच पंथात हाताने गुंडाळलेल्या वेढ्यांची पूजा चालते. अबिगेल इबारा या बाई पन्नासच्या दशकापासून २०१३ पर्यंत फेंडरच्या कारखान्यात पिकअप गुंडाळत होत्या, आणि त्यांच्या आद्याक्षरांचे पिकअप आज संग्राह्य मानले जातात. त्यांच्या कौशल्याविषयी आम्हांला आदरच आहे. कामगाराच्या हाताला नाव मिळणे ही चांगलीच गोष्ट. पण रोजचे उत्पादन काढण्यासाठी केलेल्या कामाला दैवी स्पर्श म्हटले, की कौशल्याचा अभ्यास थांबतो आणि स्पर्शाची विक्री सुरू होते. वेढे किती, तार कोणती, ताण किती, चुंबक कोणत्या मिश्रधातूचे, हे सांगितले तर ते कौशल्य पुढच्या माणसाला शिकता येते. ‘जादू’ कोणालाच शिकवता येत नाही.

आमच्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की शेवटी कानच प्रमाण. मान्य. पण कानाला न्याय देण्यासाठी तुलना न्याय्य हवी. माणसाचा कान आवाजाच्या पातळीप्रमाणे खर्ज आणि तीव्र स्वर कमीअधिक ऐकतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवले. दोन पिकअपांपैकी जो थोडा मोठा वाजतो तो ‘भरदार’ वाटतो, आणि लोक त्यालाच अधिक चांगला म्हणतात. शिवाय पिकअप बदलताना बहुतेक जण तारा काढतातच, मग नव्या तारा चढवतात, आणि नव्या तारांचे श्रेय नव्या पिकअपला देतात. दुसरा आक्षेप असा की कलेला आम्ही हिशेबात कोंबतो आहोत. यावर आमच्या विषयातलेच उत्तर देतो. मात्रा मोजता आल्याने कोणी कवी होत नाही, पण मात्रावृत्तातली ओळ कुठे लंगडते हे मात्रांची जाण असलेल्यालाच नेमके सांगता येते. काय आवडावे हे मोजमाप सांगत नाही. आवडलेले कशामुळे तसे आहे आणि ते पुन्हा कसे मिळेल, एवढेच ते सांगते.

पिकअपमध्ये फरक नसतोच, असे आमचे म्हणणे नाही. फरक असतो आणि काही वेळा मोठा असतो. अधिक वेढ्यांचा पिकअप सहसा मोठा आणि काळोखा वाजतो. सेमूर डंकन यांच्या ‘क्वार्टर पाउंड’ या जेवणावळीच्या नावामागे पाव इंच व्यासाचे जाड चुंबक असतात, आणि ते ऐकू येतात. डिमार्झिओच्या ‘मॉडेल जे’मध्ये सिरॅमिक चुंबक आणि उंची बदलता येणारे स्क्रू आहेत, आणि तो एकटाही हम छेदतो, आमच्या विद्यार्थ्याला त्या दुकानात हवी होती ती नेमकी ही माहिती. हे सर्व निश्चितपणे सांगता येण्यासारखे असताना ‘मातकट’ का सांगावे, हा आमचा प्रश्न आहे.

म्हणून आमचा आग्रह क्रमाचा आहे. पहिल्यांदा तारा बदला. गुंडाळी गोल की सपाट, याने जितका फरक पडतो तितका क्वचितच एखाद्या पिकअपने पडेल. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन पिकअपची उंची बदला. शेवटच्या पडद्यावर तार दाबून तिचे पिकअपपासूनचे अंतर पाहा. फार जवळ आणला तर चुंबक तारेलाच खेचतो आणि स्वर गढूळ होतो. फार लांब नेला तर आवाज मरतो. तिसऱ्यांदा कळा, कपॅसिटर, जॅक आणि प्रत्येक डाख तपासा. एवढे झाल्यावरही पिकअप बदलायचा असेल तर मापे घ्या, कारण जॅझचा पुढचा पिकअप मागच्याहून किंचित आखूड असतो, पण काही वाद्यांत दोन्ही सारखेच असतात. मग चुंबकाची आणि वेढ्यांची दिशा विचारा, किंवा जोडीनेच घ्या. इंडक्टन्स आणि चुंबकाचा प्रकार विचारा. सांगणारा कारखाना न सांगणाऱ्याहून विश्वासाचा समजा. आणि बदलण्याआधी व नंतर तीच चाल, त्याच तारांवर, त्याच हाताने ध्वनिमुद्रित करा, दोन्हींचा आवाज सारखा करा, आणि कोणते कोणते हे न कळता ऐका.

हा क्रम लिहिताना आम्ही शहाणे वाटत असू तर शेवटची गोष्ट सांगणे भाग आहे. स्नेहसंमेलन कसेबसे पार पडल्यावर त्या विद्यार्थ्याचा जुना, मुका पिकअप डाख देणाऱ्या आमच्यापैकी दुसऱ्याने भिंगाखाली धरला. वेटोळे शाबूत होते. वेढ्यांच्या तारेचे एक टोक जिथे जोडपट्टीच्या भोकाशी डाखलेले असते, तिथे ते तुटले होते. दोन वेढे सोडवले, टोकावरचे रोगण खरवडले, एक डाख दिला. पिकअप बोलू लागला, आणि दोन्ही कळा उघडल्यावर हम गेला. खर्च शून्य. नवा पिकअप त्याने अर्ध्या किमतीला विकला. उरलेल्या अर्ध्या किमतीत त्याच्या कित्येक संध्याकाळच्या शिकवण्या बुडाल्या. तो आम्हांला काही बोलला नाही. “सर, आपण आधी उघडून बघायला हवं होतं,” एवढेच म्हणाला, आणि त्यातला ‘आपण’ आम्हांला नीट ऐकू आला.

आम्ही त्याच्या वस्तूकडे पाहण्याआधी तिच्याविषयीचे शब्द ऐकले होते. आमच्या टेबलावर या घडीला परीक्षणासाठी आलेले चार कवितासंग्रह पडले आहेत, आणि त्यांतल्या तिघांच्या मलपृष्ठांवर ‘आशयघन’ हा शब्द छापलेला आहे. या खेपेला मलपृष्ठ सर्वांत शेवटी वाचायचे असे आम्ही ठरवले आहे.